शिक्क्याचं पाणी

अन्वर भोरात पाणी विकतो, आणि त्याला स्वतःला दिवसाला एकच लिटर पाणी प्यायची परवानगी हाय. हे ऐकलं की माणसं आधी हसत्यात, मंग विचारत्यात, "का वं?" हसू नका, मला राग येतो. मी हसलो तर चालतं, मी त्याचा दोस्त हाय.

मी सोमनाथ. कचेरीत एकतीस वर्षं शिपाई होतो. टपाल वाटलं, दप्तरं उचलली, सायबांच्या सह्या झाल्या की कागदांवर शिक्के मारले. शिक्का सरळ बसला पायजे. तिरका बसला की माझं डोकं फिरायचं आणि दिवसभर जेवण गोड लागायचं न्हाई. निवृत्त झालो तर महिनाभरातच आमची बायको बाळाबाई म्हणली, "तुमी असं दिसभर घरात बसलात तर आपल्यातलं एकजण पोलीस ठाण्यात दिसंल." म्हणून मी अन्वरच्या टेम्पोवर जाय लागलो. तो गाडी चालवतो, मी वीस-वीस लिटरचे जार उतरवतो आणि लोकांना नावं ठेवतो. बँका, दवाखाने, एसटीचा डेपो, लग्नसराईत पार भोंगवलीपतुर आमची खेप. उशाला धरणं असलेल्या तालुक्यात लोक पाणी इकत घेऊन पित्यात, ह्याच्यावर मी रोज चिडतो. अन्वर म्हणतो, "चिड, पर जार उचलता उचलता चिड."

पाच वर्षांमागं त्याचे पाय सुजले. आता पाय सुजले तर माणूस दवाखान्यात जातो. हा गेला चपलेच्या दुकानात. "तुमची चप्पल आटली," म्हणून दुकानदाराशी अर्धा तास भांडला आणि एक नंबर मोठी बदलून घेऊन आला. महिन्यानं ती बी आटली. मंग डोळ्यांखाली सूज आली, मंग चार पायऱ्या चढला की दम लागाय लागला. शेवटी त्याच्या बायकोनं, खुर्शिदाभाभीनं, त्याला मानगुटीला धरून पुण्याला नेला. तितं कळलं की बीपी वाढलेलं हाय, आणि ते कैक वर्षांपासनं वाढलेलं असणार. त्या बीपीनं आतल्या आत दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या. दुखलं न्हाई, खुपलं न्हाई, एक दिवस कामाला खाडा न्हाई! डॉक्टर म्हणले, उरलंय तेवढ्यावर संभाळून चाला. मीठ कमी, गोळ्या येळेवर, आणि तुमच्या अंगात पाणी साठतंय तवा पाणी दिवसाला एक लिटर. चहा, डाळ, ताक, सगळं त्याच्यातच धरायचं. न्हाई पाळलं तर मशीन.

मशीन म्हंजे रक्त धुवायची. आठवड्यातनं तीनदा पुण्याला जायचं, चार-चार तास नळ्या लावून पडायचं, आणि एकदा लागली की सहसा सुटत न्हाई. अन्वरनं तितंच डॉक्टरांचा हात धरला. "सायेब, काय बी करा पर मशीन नको. मी मशीनवर पडलो तर टेम्पो कोण चालवणार? हा सोम्या? ह्याला रिव्हर्स घेता येत न्हाई." डॉक्टर म्हणले, "मशीन लांब ठेवणं माझ्या नाही, तुमच्या हातात आहे." तवापासनं त्या घराचा एकच कायदा, मशीन लांब ठेवायची.

कायद्याची अंमलबजावणी भाभीकडं. पहाटं फजरची नमाज झाली की ती लिटरची बाटली काठोकाठ भरून ओट्यावर ठेवती. अन्वरनं कपभर चहा घेतला की बाटलीतलं कपभर पाणी दारातल्या जाईच्या वेलाला. वाटीभर डाळ खाल्ली, त्याच्यातल्या पाण्याच्या मानानं वेलाला. ती जाई अशी माजली की पत्र्यावर चढून शेजाऱ्याच्या अंगणात उतरली. अन्वर तिच्याकडं बघून म्हणायचा, "माझ्या तोंडचं पिती आणि शेजाऱ्याला फुलं देती. बेइमान!"

आणि चोऱ्या! दिवसातनं बारा येळा गुळण्या करायचा. तोंडात जाणारं पाणी आणि भाईर येणारं पाणी ह्याचा काई केल्या मेळ बसंना. भाभीनं हातात वाटी दिली. "हिच्यात थुका, मला बघायचंय." मंग ह्यानं बर्फाच्या गोळेवाल्याशी दोस्ती केली. पकडला तर म्हणतो, "प्यालो कुठं? चावलं!" कलिंगड फळात धरायचं का पाण्यात, ह्या विषयावर त्यांच्या घरात तीन दिवस खटला चालला. निकाल भाभीच्या बाजूनं लागला, कलिंगड पाण्यातच धरलं आणि तेवढं पाणी बाटलीतनं वेलाला गेलं. रमजानात रोजे धरायला डॉक्टरांनी मनाई केलेली, तरी तो महिना त्याच्या लई आवडीचा. म्हणायचा, "सोम्या, अकरा महिने मी एकटाच तहानलेला. ह्या महिन्यात समदी बिरादरी माझ्या सोबतीला!"

एक दिवस भाभीनं मला दारात उभं केलं. म्हणली, "घरात मी बघते, सोमनाथभाऊ. भाईर तुमी बघा. तुमच्या भरवशावर सोडते." मला एवढा मोठा चार्ज कचेरीत बी कुणी दिला नव्हता. म्या इमानानं सांभाळला. हॉटेलात चहा आला की मी त्याचा कप अर्धा माझ्या बशीत ओतायचो. लग्नाच्या मांडवात सरबताच्या पिंपाकडं त्याची पाठ करून बसवायचो. तो मला जेलर म्हणायचा, आणि मला ते आवडायचं.

आता खरी भानगड सांगतो. एप्रिलचा महिना होता, ईद होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. ऊन असं की टेम्पोचं स्टेअरिंग फडक्यानं धरावं लागायचं. गावाभाईर जे नर्सिंगचं कॉलेज हाय, त्यांचा किडनी जनजागृती सप्ताह होता. त्यांनी स्टँडच्या अलीकडं मांडव घातला आणि आमच्याकडनं पंधरा जार मागवले. आमी गेलो. पांढरे कोट घातलेल्या पोरी टेबलं मांडून बसलेल्या, कोण बीपी बघतीय, कोण वजन करतीय. आणि वर ह्या टोकापासनं त्या टोकापतुर बोर्ड: 'भरपूर पाणी प्या, किडनी वाचवा.' बाजूला त्यांच्या मॅडमचा हात जोडलेला फोटू.

अन्वरनं इंजन बंद केलं. बोर्ड वाचला. चष्मा पुसून परत वाचला. म्हणला, "सोम्या, हे कुणाचं मत?"

"कुणाचं बी असू दे. तुझ्यासाठी न्हाई ते," म्या दम भरला.

"का? माझ्या किडन्या वाचवायच्या न्हाईत?"

"तू गप खाली बस."

पर मला जार उतरवायचे होते. पंधरा जार, एकटा माणूस. मी खाली-वर करत होतो तवर हा एका टेबलापुढं खुर्ची ओढून बसला. समोर शेफाली नावाची पोर होती. तवा मला तिचं नाव ठाऊक नव्हतं, मागनं कळलं. पार वेल्ह्याच्या पल्याडच्या वाडीतली. बाप न्हाई, आई अंबूबाई दुसऱ्याच्या खाचरात भात लावून हिला शिकवती. शेवटचं वर्ष, वाडीतली पहिली नर्स होणार. लांबनं मला एवढंच दिसलं की हा तोंड बारीक करून काय तरी सांगतोय आणि ती पोर हळूहळू तापत चाललीय. मंग तिनं फाडकन एक कागद ओढला आणि लिहाय बसली.

अन्वर परत आला तो गालातल्या गालात हसत. तितंच मला संशय यायला पायजे होता. त्यानं कागद माझ्या हातात दिला. वाच म्हणला. लिहिलं होतं, 'श्री. अन्वर यांना दररोज तीन ते चार लिटर पाणी पिण्याचा सल्ला देण्यात येत आहे. घरच्यांनी सहकार्य करावे.' खाली सही. आणि सहीच्या डाव्या अंगाला शिबिराचा गोल शिक्का. निळा, सरळ, अक्षर न् अक्षर उठलेलं.

"शिक्का तूच मागितलास?"

"मंग? आमच्या जेलरला शिक्क्याबिगर कागद चालत न्हाई, असं सांगितलं म्या तिला."

आता माझी चूक सांगतो, लपवत न्हाई. कचेरीत एक रीत असती. नवा हुकूम आला की जुना रद्द. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं पाच वर्षांमागचं, ते बी तोंडी. हे आजचं, लेखी, सहीशिक्क्यासकट, आणि देणारी माणसं कॉलेजाची. शिवाय आमच्या भावकीत ज्याला-ज्याला मूतखडा झाला, त्याला प्रत्येकाला डॉक्टरनं पाणी पी पाणी पी म्हणूनच सांगितलेलं. म्या इचार केला, शास्त्र सुधारलं असंल. एकतीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला शिक्क्यावर शंका घेता येत न्हाई, हे माझं दुखणं. अन्वरला हे दुखणं चांगलं ठाऊक होतं.

"भाभीला दाखव," म्या म्हणलं.

"दाखवतो की. आधी गुण येऊ दे, मंग दाखवतो."

डेपोमागच्या लिंबाच्या सावलीत त्यानं गाडी घेतली. तांब्या जाराच्या तोटीखाली धरला, काठोकाठ भरला, आणि प्याला. मधी थांबला न्हाई. गळ्याची घाटी वर-खाली, वर-खाली. पाणी हनुवटीवरनं शर्टात गेलं, त्याची शुद्ध न्हाई. डोळे मिटलेले. पाच वर्षांत म्या त्याला असं पिताना बघितलं नव्हतं. मला बी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसरा तांब्या म्या माझ्या हातानं भरून दिला.

तीन दिवस आमची चैन चालली. उसाचा रस, ताक, कोकम, जे दिसंल ते. कुणी टोकलं तर हा खिशातनं कागद काढून दाखवायचा. आणि घरी गेला की असला साळसूद की बाटलीतलं पाणी बी पुरं प्यायचा न्हाई, पाव बाटली शिल्लक ठेवायचा. भाभी मला म्हणली, "सुधारले हो तुमचे दोस्त! तुमच्या संगतीचा गुण." मी मान डोलावली. लाज वाटायला पायजे होती, पर मला वाटलं, खरंच माझा गुण असंल.

तिसऱ्या दिवशी त्याच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा रुतला. "पट्टा आटला," म्हणला. हसलो. चौथ्या दिवशी सकाळी भाटघरला खेप होती. धरणाच्या अलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर पालथा पडला. छातीत घरघर, ओठ काळेनिळे, शब्द फुटंना. मला वाटलं टवाळी करतोय. म्या म्हणलं, "ऊठ की, नाटक्या." तो उठला न्हाई. त्यानं नुसता माझा दंड धरला, आणि त्या पकडीतनं मला कळलं.

म्या त्याला शेजारच्या सीटवर ढकलला आणि गाडी वळवाय बघितली. रिव्हर्स मला येत न्हाई! एका माणसाच्या अंगणातनं, त्याच्या वाळवणावरनं गाडी गोल फिरवली आणि भोरची वाट धरली. मागं जार आपटत होते, त्यातले दोन रस्त्यावर पडून फुटले. मी मोठ्यानं शिव्या देत होतो. अन्वरला, त्या पोरीला, शिक्क्याला, आणि सगळ्यात जास्त स्वतःला.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाकाला ऑक्सिजन लावला, लघवीवाटे पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. फुप्फुसात पाणी चढलेलं. मला म्हणले, "उद्या सकाळपर्यंत पाणी उतरलं तर बघू. नाहीतर मशीन लावावी लागेल." भाभी तवर आलेली. तिनं मशीन हा शब्द ऐकला आणि भिंतीला टेकली. मला म्हणली, "पर ते तर बाटलीतलं बी पुरं पीत नव्हते, सोमनाथभाऊ!" मी तिच्याकडं बघितलं न्हाई. बाकावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपतुर साडेचार किलो वजन उतरलं. नुसतं पाणी! मशीन टळली. डॉक्टर म्हणले, थोडक्यात वाचला, पुन्हा असं झालं तर टळणार नाही. म्या त्यांना कागदाचं इचारलं, तवा त्यांनी समजावलं. मूतखड्याची गोष्ट येगळी. तितं पाणी जास्त पितात, कारण किडनी ते भाईर टाकती. ह्याची किडनी टाकतच न्हाई, तर ते जाणार कुठं? छातीत. पाच मिनिटांत समजलं मला. चार दिवसांमागं इचारलं असतं तर चार दिवसांमागं समजलं असतं.

ह्याच्यात भाभीला त्याच्या शर्टाच्या खिशात कागद सापडला. तिनं दोनदा वाचला. मला म्हणली, "हे तुमी बघितलं होतं?"

"व्हय."

तिनं बुरखा चढवला, कागद मुठीत धरला आणि निघाली कॉलेजकडं. मी मागं मागं.

तितं वेगळंच चाललेलं. विद्यापीठाकडनं कसला फॉर्म आला होता. आरोग्याचं शिक्षण घेणाऱ्या पोरांना किडनीच्या जुनाट आजाराची स्वतःला किती माहिती हाय, ते तपासायचा. आधी गावाला शहाणं करून झालं, आणि आता ह्यांचं शहाणपण मोजायचं! पोरींनी फॉर्म भरून दिलेले, मॅडम गठ्ठा पुढं घेऊन बसलेल्या. भाभीनं कागद त्या गठ्ठ्यावर ठेवला. म्हणली, "हे वाचा. माझा माणूस काल मरत होता."

मॅडमनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शेफालीला बोलावलं. पोर आली, कागद बघितला, भाभीकडं बघितलं आणि तिला सगळं समजलं. "आता कसे आहेत काका?" एवढंच तिनं आधी इचारलं.

मॅडम कडाडल्या. "औषधोपचार लिहून द्यायचा अधिकार तुला कुणी दिला? शिक्का कुणी दिला? मी तुला परीक्षेला बसू देणार नाही. वर्ष गेलं तुझं!"

आता मी तापट माणूस. चूक पोरीची होतीच, पर एकटीची? म्या इचारलं, "मॅडम, त्या बोर्डावर फोटू कुणाचा होता?"

शेफाली हळूच म्हणली, "मॅडम, फॉर्ममध्ये पण तोच प्रश्न आहे. किडनीच्या प्रत्येक रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, बरोबर की चूक." मॅडमनी गठ्ठा चाळला. चौपन्न पोरी. सत्तेचाळिसांनी बरोबरवर खूण केलेली, चौघींनी माहीत न्हाईवर. चुकीवर तिघींनी. मॅडमनी गठ्ठा पालथा घातला.

"पण मी त्यांना विचारलं होतं," शेफाली रडत म्हणली. "ते म्हणाले, घरात मला प्यायला पाणी देत नाहीत. बायको माझं पाणी झाडाला घालते."

भाभी उभ्या जागी पेटली. "मी? मी पाणी देत न्हाई? पोरी, आपली कातडी वाचवायला असं खोटं बोलतीस? माझा माणूस टवाळ असंल, पर भोळा हाय. तू 'पी' म्हणलीस, तो प्याला. चल, त्याच्यापुढं बोल!"

मॅडम म्हणल्या, "चला. त्यांनाच विचारू. त्यांनी तुझ्यावर बोट ठेवलं, तर मी तुझ्यासाठी काही करू शकणार नाही."

म्हंजे जबाबच घ्यायचा होता. आमी चौघं वॉर्डात गेलो. अन्वर उशीला टेकून बसलेला, नाकातली नळी काढलेली. आमची वरात बघून म्हणला, "एवढी माणसं? मला कुणी सांगितलं न्हाई, मेलो का मी?"

मॅडमनी कागद पुढं धरला. "काका, हे या मुलीने स्वतःहून लिहून दिलं का? तुम्ही तिला तुमच्या डॉक्टरांचा सल्ला सांगितला होता का?"

अन्वरनं शेफालीकडं बघितलं. तिच्या नाकातनं पाणी वाहत होतं आणि ती कोटाच्या बाहीला पुसत होती. भाभी म्हणली, "सांगा त्यांना. भिऊ नका. तुमाला त्यातलं काय ठाऊक? शिकल्या-सवरलेल्या माणसानं लिहून दिलं, तुमी विश्वास ठेवलात. तुमची काय चूक?"

बघा, भाभीनं त्याला भाईर पडायला दार सताड उघडं करून दिलं होतं. नुसतं व्हय म्हणायचं होतं. पोरीचं वर्ष गेलं असतं, ह्याला घरात दूध-हळद मिळाली असती, ते बी बाटलीतनं वजा न करता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"तिनं इचारलं होतं," तो म्हणला. "डॉक्टरांनी पाण्याचं काई सांगितलंय का, असं इचारलं. म्या सांगितलं, न्हाई. कागद आहेत का म्हणली, तर म्या सांगितलं, पुरात वाहून गेले."

"कुठल्या पुरात?" मॅडमनी इचारलं.

"हेच तिनं इचारायला पायजे होतं. तेवढीच तिची चूक."

भाभीनं पलंगाची दांडी धरली. "म्हंजे तुमाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं, खुर्शिदा. पाच वर्षं पाळतोय, मला ठाऊक नसणार? कागद माझ्या हातात पडला तवाच ठाऊक होतं की हा कामाचा न्हाई. हा सोम्या फसला, मी न्हाई फसलो. डॉक्टर म्हणतो पिऊ नको, तू म्हणतीस पिऊ नको, हा जेलर म्हणतो पिऊ नको. सगळ्या भोरला मी पाणी पोचवतो, आणि सगळं भोर मला म्हणतं, अन्वर, पिऊ नको. मला फकस्त कुणीतरी एकदा 'पी' म्हणायला पायजे होतं."

मी तोंड फिरवलं. मला त्याचा इतका राग आला की मुस्काटात द्यावी वाटली, आणि इतकी दया आली की हात उचलंना.

मॅडमनी कागद घडी घालून आपल्या पर्समधी टाकला. शेफालीला म्हणल्या, "परीक्षेला बस. पण कागदपत्रं न बघता एक ओळ जरी लिहिलीस तर याद राख. उद्या सगळ्या वर्गाला मी हे पहिल्यापासून शिकवणार आहे, आणि मीही बसणार आहे शिकायला. फॉर्म विद्यापीठाला आहेत तसेच जातील." एवढं बोलून त्या गेल्या. त्यांचा तो बोर्ड आता कॉलेजच्या दारात लावलाय, मी येता-जाता बघतो. 'भरपूर' ह्या शब्दावर पांढरा रंग मारून वर बारीक अक्षरात 'डॉक्टरांना विचारून' लिहिलंय. अक्षर तिरकं हाय, पर मी बोललो न्हाई.

शेफाली मातर वॉर्डातनं गेली न्हाई. ती खाली वाकून अन्वरच्या नडगीवर अंगठा दाबत होती आणि पडलेला खड्डा भरायला किती येळ लागतो ते मनात मोजत होती. "अजून आहे थोडी सूज," म्हणली. कुणाला सांगितलं कुणास ठाऊक.

भाभी तशीच उभी. मला वाटलं, आता ह्याची खैर न्हाई. पर तिचा आवाज चढला न्हाई.

"पाच वर्षं," ती म्हणली. "गुळण्या केल्यात. बर्फ चावलात. ह्या भावाला फसवलंत, लोकाच्या पोरीला फसवलंत, जीवावर उदार झालात. पर एकदा तरी मला येऊन म्हणालात का, खुर्शिदा, मला तहान लागलीय?"

अन्वरनं तोंड उघडलं. तो चेहरा मला ठाऊक हाय, आता काय तरी टवाळी निघणार. निघाली न्हाई. तो म्हणला, "म्हणून काय झालं असतं? तू दिलं असतंस?"

"न्हाई," भाभी म्हणली. "दिलं नसतं. पर तुमच्यापाशी बसले असते."

शेफालीनं माझ्या कोपराला धरून मला दाराकडं ओढलं. मी जाता जाता वळून बघितलं. अन्वरची मान खाली होती.

"लई तहान लागलीय, खुर्शिदा," तो म्हणला.

भाभीनं बुरख्याची कड सावरली आणि त्याच्या शेजारी पलंगावर बसली.